अंतराय

माताजींच्या ओंजळीत पडलेला तो थेंब तांब्यातल्या पाण्याचा नव्हता, चंदनाच्या डोळ्यातला होता, हे सगळ्यांत आधी मदतीला आलेल्या बयाबाई मगदुमांनी पाहिलं. पाहिलं आणि त्यांच्या तोंडून नुसतं ‘अगं बाई’ एवढंच निघालं. पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. माताजींनी जुळवलेले तळहात सोडले, पहिल्या ओंजळीचं कोमट पाणी खालच्या परातीत सांडलं, आणि त्या पाटावरून उठल्या. कपाळावर आठी नाही, डोळ्यांत राग नाही. भिंतीशी ठेवलेली मोरपिसांची पिंछी त्यांनी उचलली, कमंडलू उचलला, आणि ज्या उंबऱ्यातून त्यांना ‘वंदामि, वंदामि’ म्हणत हात जोडून आत आणलं होतं, त्याच उंबऱ्यातून त्या बाहेर पडल्या. आत येताना धुतलेल्या त्यांच्या पावलांचे ओले ठसे नव्या घराच्या गुळगुळीत फरशीवर अजून तसेच होते, सगळे आत येणारे. बाहेर जाताना पावलं कोरडी झाली होती, त्यांचा ठसा उमटलाच नाही. पहाटेपासून सोवळ्यानं रांधलेला भात, मुगाची आमटी, दूध, आंब्याच्या फोडी, सगळं पाटाभोवती होतं तसं होतं. ‘अंतराय झाला,’ दारातून कुणीतरी म्हणालं, आणि जमलेल्या बायका कुजबुजत पांगल्या. दिगंबर साध्वीचं खाणं दिवसातून एकदाच, तेही भांड्यात नाही, स्वतःच्या ओंजळीत. त्यात केस निघाला, मुंगी निघाली, जवळच्या कुणाच्या डोळ्यातून टिपूस गळलं, की तो अंतराय. मग घास नाही आणि पाण्याचा घोटही नाही, थेट दुसऱ्या दिवशीपर्यंत. काल चतुर्दशी होती, माताजींचा कडक उपास होता. आज हे असं. आणि वैशाखाचं ऊन शाहूपुरीच्या पत्र्यांवर तडतडत होतं.

या माताजी म्हणजे आठ वर्षांमागची अरुणा. चंदनाची सख्खी थोरली बहीण, तिची अक्का. कोल्हापूरचं संस्थान विलीन झालं त्या वर्षी तिनं दीक्षा घेतली होती, आणि त्यानंतर गावोगाव पायी फिरत ती पहिल्यांदाच या शहरात आली होती.

“रडायला दुसरी येळ घावली न्हाय व्हय तुला?” चंदनाचे यजमान बाबासो दारातून म्हणाले. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, उघडं अंग, असे ते सकाळपासून उभे होते. गुळाच्या पेठेत ज्यांच्या शब्दावर सौदे ठरत ते बाबासो आज घरात पाणी गाळत होते, चूल फुंकत होते. “सगळं गाव म्हनत हुतं, नशीबवान हैसा, म्हाताजी तुमच्या दारात थांबल्या. आनि तू...” त्यांचा राग चिपाडाच्या जाळासारखा होता, भडकायचा आणि लगेच बसायचा. थोड्या वेळानं त्यांनीच परात उचलली, त्यातलं पाणी परसात जास्वंदीला घातलं. “जाऊ दे,” ते म्हणाले. “व्हायचं ते झालं. तू कायतरी खाऊन घे.” अक्का दोन दिवस निर्जळी, आणि आपण खाऊन घ्यायचं! चंदनानं मान हलवली. ते कपडे बदलून पेढीवर गेले, आणि एवढ्या मोठ्या घरात ती एकटी उरली. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घर मात्र त्यानंतरच वाढलं होतं. वर मजला चढला, काचेचं कपाट आलं, रेडिओ आला, छताला पंखा आला. त्या पंख्याखाली जमिनीवर ती आडवी झाली आणि आपण का रडलो ते शोधू लागली.

दुःख झालं होतं का? नाही, तसं नक्कीच नाही. सकाळी माताजी समोरून येताना दिसल्या तेव्हा तिला आनंदच झाला होता. सात-आठ घरांपुढं बायाबाप्ये कलश घेऊन उभे होते, आणि माताजी मान खाली घालून एकेक दार ओलांडत आल्या. साध्वी मनात काही एक संकल्प धरून निघतात, तो जिथं जुळेल तिथंच थांबतात, हे तिला ठाऊक होतं. तरी माताजी तिच्यासमोर थांबल्या तेव्हा तिच्या मनानं म्हटलं, अक्का माझ्यासाठी थांबली. एवढं कोल्हापूर पडलंय, पण अक्का माझ्याच दारात थांबली. मग तिनं रीतीप्रमाणं मोठ्यानं म्हटलं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे. पाणी शुद्ध होतं. पीठ तिनं स्वतः दळलं होतं. मनाचं कुणी बघितलं होतं? आणि मग पाटाशी बसून पहिल्या ओंजळीत पाणी घालताना तिला तो तळहात दिसला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चकाकणारा, चुरगळल्यासारखा वण. हातकणंगल्याकडच्या त्यांच्या गावात अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, गुऱ्हाळ होतं. नेमगोंडा अप्पांच्या गुऱ्हाळावर पोरींनी फिरकायचं नाही असा दंडक, आणि म्हणूनच दोघी रोज तिथं. एकदा कढईतून नुकताच थंड व्हायला वाफ्यात ओतलेला गूळ अक्कानं चोरून मुठीत घेतला. तो आतून किती तापलेला असतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण गुळव्या मागं वळला होता आणि तेवढीच वेळ होती. उसाच्या फडात पोचेपर्यंत तिनं मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा कातडं गुळाबरोबर निघालं. ‘तंगी, तू खा आधी,’ ती म्हणाली होती. आईचं माहेर कानडी मुलुखातलं, म्हणून धाकट्या बहिणीला घरात तंगीच म्हणत. चंदनानं तो गूळ खाल्ला होता, चाटूनपुसून खाल्ला होता. अक्काचा हात भाजलाय हे तिला दिसत होतं आणि गूळ गोड लागत होता, दोन्ही एकदम. ती चव तिला आजही आठवली की लाज वाटते.

पण नुसता वण पाहून डोळे भरले असते, गळले नसते. आपण आपल्याशी तरी खरं बोलावं. वणाच्या वर, तांब्या धरलेला तिचा स्वतःचा हात होता, आणि त्या मनगटात पाटल्या होत्या. अक्काच्या. दीक्षेच्या दिवशी मांडवात हजारभर माणूस होतं. अक्का नवरीसारखी नटून पालखीतून आली, आणि मग व्यासपीठावर बसून एकेक दागिना उतरवत गेली. ठुशी जावेला, कुड्या नणंदेला. पाटल्या काढल्या तेव्हा तिनं चंदनाला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या मनगटात चढवल्या. मग केस उपटायला बसली, आणि बायकांचा हुंदका फुटला. लोक म्हणत, विधवा बाई, पोर ना बाळ, दुःखानं विरक्त झाली बिचारी. चंदनाला माहीत होतं की ते खरं नाही. नवरा गेला त्या वर्षी अक्का पार मोडली होती, तेव्हा ती कुठंही गेली नाही. तीन-चार वर्षांनी ती सावरली, शेती बघू लागली, पूर्वीसारखी गडगडून हसू लागली, माणसांच्या नकला करू लागली, आणि मग एक दिवस म्हणाली, मी जाते. दुःखात गेली असती तर समजूत घालता आली असती. ती सुखात उठून गेली. भरल्या ताटावरून उठावं तशी. हे चंदनाला आजवर उलगडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनं अक्काला त्याबद्दल माफही केलं नव्हतं.

पाटल्या मात्र तिनं उतरवल्या नाहीत. नव्या घडणीचे दागिने आले, बाबासोंनी किती वेळा म्हटलं, ह्या मोडून तोडे करू, तिनं ऐकलं नाही. बायका म्हणत, एवढी पैशाची ऊब, पण चंदनावैनी साध्या हो, हातात त्याच जुन्या पाटल्या. तिला ते ऐकायला बरं वाटायचं. गेलं वर्षभर तिच्या मनात व्रत घ्यायचं घोळत होतं. परिग्रह-परिमाण. आपल्यापाशी काय आणि किती असावं त्याची हद्द आपणच आखायची आणि तिच्या बाहेरचं सोडून द्यायचं. घर सोडायला नको, संसार सोडायला नको. गृहस्थानं घरात राहून करायची ती गोष्ट. रात्री पडल्या पडल्या ती घरातून मनानं फिरायची आणि वस्तू वेगळ्या काढायची. जरीची लुगडी? देऊन टाकू. चांदीची भांडी? एक तांब्या पुरे. काचेचं कपाट, त्यातली चिनी मातीची हत्ती-हरणं, गालिचा, रेडिओ, तिला कशाचंच काही वाटत नसे. किती सोपं आहे, असं वाटून ती हरखायची. आपल्यातही अक्काचं रक्त आहे म्हणायचं! आणि या सगळ्या फेरीत मनगटातल्या पाटल्या तिच्या हिशेबात कधी आल्याच नाहीत. तो दागिना नव्हता, ती अक्का होती. आज मात्र भाजल्या हाताच्या वर त्या पाटल्या लखलखताना दिसल्या, आणि तिच्या ध्यानात आलं की अक्कानं जे टाकलं ते आपण अंगावर वागवतोय. अक्का पलीकडं गेली आणि तिला आपण पदराला धरून ठेवलंय. समोर बसलेली ही वाळलेली, मुंडल्या डोक्याची बाई ओंजळ पसरून पाणी मागते आहे, आणि आपण तिच्याकडं बघतही नाही. आपण तिच्यात आपली अक्का शोधतोय. तंगी म्हण, एकदा तरी तंगी म्हण, असं मनात म्हणतोय. त्याच क्षणी थेंब गळला होता. दुःखाचा नव्हता तो. हावेचा होता. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीत आपण आपली हाव टाकली.

ऊन कलल्यावर ती बस्तीत गेली. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. मागच्या ओवरीत माताजी शास्त्र वाचत होत्या, समोर पाच-सहा बायका. वाचन संपून बायका उठेपर्यंत चंदना खांबाशी बसून राहिली. माताजींचे ओठ फुटले होते. वाचताना शब्द कोरड्या घशात अडकायचा, की त्या जरा थांबत आणि पुन्हा तोच शब्द नीट उच्चारत. त्यांच्यापुढं पाण्यानं भरलेला कमंडलू होता. ते हातपाय धुवायचं पाणी. हाताच्या अंतरावर पाणी असून पिता न येणं म्हणजे काय असेल, ते चंदनाच्या घशाला कळलं.

“अक्का,” बायका गेल्यावर ती म्हणाली, “चुकलं माझं. माझ्यामुळं तुमी उपाशी.”

माताजींनी पोथीवर फडकं गुंडाळलं. “बाई, अंतराय माझ्या कर्माचा,” त्या म्हणाल्या. “उपास माझा. तुम्ही त्यात वाटेकरी कशाला होता?”

तुम्ही. बाई. चंदनाला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “मला चैन पडंना,” ती म्हणाली. “पाप लागलं मला.”

“घर भरलंय म्हणतात तुमचं,” माताजी म्हणाल्या. “वरचा मजला पण बांधलाय. त्यात आता हे पाप पण नेऊन ठेवणार?”

स्वर शांत होता, पण वाक्याच्या शेपटीला तो जुना वळसा होता, नकला करणाऱ्या अक्काचा. चंदनाला हसू फुटता फुटता राहिलं. तिनं चटकन वर पाहिलं. माताजींचा चेहरा पहिल्यासारखाच होता. आपल्याला भास झाला की काय? ती धीर करून म्हणाली, “सकाळी माझ्या दारात थांबलासा. मला वाटलं, वळख ठेवली.”

“कलशावर नारळ होता, त्याला हळदीचं बोट लावलेलं होतं. ते मनात धरून निघाले होते, म्हणून थांबले. दारात कोण उभं आहे, हे बघत चाललं तर मग घर सोडलं कशाला?”

देवळाच्या शिखरावर कबुतरं घुमत होती. बाहेरच्या रस्त्यानं गुळाच्या ढेपांनी भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, आणि तो गोडसर, उबट वास ओवरीपर्यंत येत होता. अक्कालाही येत असेल, चंदनाला वाटलं. तिला काय आठवत असेल? की आठवतच नाही? तिनं विचारलं, “उद्या मी येऊ नगं का?”

“कुणी यावं न यावं, हे मी सांगायचं नसतं.” माताजी पिंछी घेऊन उठल्या. उठताना त्यांनी क्षणभर भिंतीला हात लावला, डोळ्यांपुढं अंधारी आली असावी. “द्यायचं असेल त्यानं कोरड्या डोळ्यांनी द्यावं. नाही जमलं तर लांबून हात जोडावे. तेही देणंच.”

चंदना घरी निघाली. एक वाट सोपी होती. उद्या जायचंच नाही, लांबून हात जोडायचे. तिसरा दिवसही आपल्यामुळं निर्जळी गेला, तर हा उन्हाळा, ती वाळलेली काया... पुढचा विचार तिनं केला नाही. पण न जाणं म्हणजे तरी काय? अक्काला जपणं? की आपल्या पाटल्या जपणं? मनगटात त्या असेपर्यंत आपण कुठंही उभं राहिलो, दहा हात लांब उभं राहिलो, तरी मागणारे आपणच असणार. हे तिला चालता चालता इतकं लख्ख समजलं की ती रस्त्यात थांबली, आणि मागून येणारा गाडीवान ओरडला, “ओ बाई, सरा की बाजूला, बैल थांबत न्हाईत!”

दिवस मावळायच्या आधी बाबासो जेवायला आले, तेव्हा चंदना मोरीत बसून मनगटाला साबण लावत होती. पाटल्या निघत नव्हत्या. आठ वर्षांत हात भरला होता. हाडाशी येऊन सोनं अडत होतं आणि कातडं सोलवटलं होतं.

“हे काय चाललंय?”

“पाटल्या काढतीया.”

बाबासो मोरीच्या दारात उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज त्यांचा नव्हताच, “तू बी जातीस काय?”

तिनं वळून पाहिलं. एवढा धिप्पाड माणूस, पण चौकटीला धरून उभा होता. गेलं वर्षभर आपण वस्तू मनातल्या मनात वेगळ्या काढत होतो, तेव्हा हा माणूस शेजारी झोपून काय ताडत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यानंच एकदा विचारलं होतं, ‘हे व्रत म्हंजे पयली पायरी असती न्हवं?’ तेव्हा तिनं हसण्यावारी नेलं होतं. अक्काच्या दीक्षेच्या मांडवात बाबासो सगळ्यांत मागं उभे होते, आणि घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस चंदनाला नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

“न्हाय,” ती म्हणाली. “कुटं जाती मी? हितंच हाय. मला ते जमायचं न्हाय, आनि मला ते नगंबी. पर ह्या घरात जरा सुटसुटीत ऱ्हावं वाटतंय. तुमाला चालंल का?”

“मला काय धाड भरलीया?” बाबासो म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी धोतर सावरलं, देवघरातून तेलाची वाटी आणली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. “साबनानं न्हाय निघायच्या. आन हात.” तेल चोळून त्यांनी तिचा अंगठा आत दाबला आणि पाटली ओढली. कळ मस्तकात गेली. “रडू नगं,” ते म्हणाले, आणि दोघंही थोडं हसले. आज या घरात तो शब्द जड झाला होता. पहिली निघाली. दुसरी निघताना हाडाशी रक्ताची बारीक रेघ उमटली. मनगटाच्या त्या जागी गव्हाळ हाताला पांढरंफटक कडं होतं, आठ वर्षं ऊन न लागलेलं. चंदनानं त्यावर बोट फिरवलं. हात परक्याचा वाटत होता आणि हलका वाटत होता, आणि आपल्याला हलकं वाटतंय याचं तिला वाईट वाटलं.

“कपाटात ठिवू?” बाबासोंनी पाटल्या धोतराला पुसल्या.

“नगं. कपाटात ठिवल्या तर रोज उघडून बघीन. श्राविकाश्रमात द्या, तितल्या बायकांच्या शिक्षनाला व्हतील. पर आधी मोडा. सोनं म्हनून द्या, पाटल्या म्हनून नगं.”

“का गं?”

“न्हायतर कुनाच्या हातात हायत ते हुडकत फिरीन की.”

बाबासोंनी तिच्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि पाटल्या उपरण्याच्या टोकात बांधून तसेच सोनाराकडं गेले. जेवण राहिलं ते राहिलंच, त्यांना दिवस मावळल्यावर जेवायचं नसे. चंदना दारात उभी होती. ते वळणाआड होईपर्यंत तिच्या जिभेवर ‘थांबा’ हा शब्द तयार होता. तो तिनं बाहेर येऊ दिला नाही, पण तो होता. दिवेलागणीला घरात शिरताना डावा हात आपोआप उजव्या मनगटाकडं गेला, पाटली फिरवायची सवय होती. तिथं काही नव्हतं. अक्का गेली, तिला वाटलं. आठ वर्षांपूर्वी मांडवातून गेली ती खरं तर आज गेली.

सकाळी तिनं स्वतःच्या घरी चौका, म्हणजे आहाराचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर, मांडला नाही. नहाणं उरकून, धुवट पांढरं लुगडं नेसून ती बस्तीमागं बयाबाईंच्या दोन खोल्यांत गेली. बयाबाईंनी पहाटेच तांदूळ निवडून चुलीवर चढवले होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून चंदनाला आपादमस्तक न्याहाळलं. “ये,” त्या म्हणाल्या. “पर आधीच सांगते, रडायचं आसंल तर मागलं दार उघडं हाय. तितं केळीबुडी बस आनि पोटभर रड. म्हाताजींम्होरं न्हाय.”

“न्हाय रडत, मावशी.”

“कालबी असंच तोंड करून हुभी हुतीस.” मग त्यांची नजर तिच्या हातांकडं गेली. कोमट पाण्याचा तांब्या त्यांनी तिच्याच हातात दिला.

माताजी आल्या. आज त्यांची चाल संथ होती, पाऊल टेकवून मग त्यावर भार टाकत होत्या. पहिली दारं मागं पडली. बयाबाईंच्या दारातही त्या थांबतील असं नव्हतं, आणि चंदनाच्या लक्षात आलं की त्या कुणाच्याही दारात थांबल्या तरी आपल्याला चालेल. फक्त थांबू देत. तिनं बयाबाईंच्या मागं उभं राहून डोळे मिटले. उघडले तेव्हा माताजी समोर उभ्या होत्या आणि बयाबाई म्हणत होत्या, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध. चंदनानं तेच शब्द म्हटले. ते पुरते खरे होते असं ती सांगू शकली नसती, पण कालच्यापेक्षा खरे होते.

माताजी पाटावर बसल्या. त्यांनी तळहात जुळवले. चंदना पुढं झाली, गुडघ्यावर बसली आणि पाणी घालू लागली. वण तिथंच होता. अंगठ्याच्या बुडाशी, चकाकणारा. तिनं तो नीट पाहिला. भाजलेला एक हात होता तो, तहानलेला, आणि त्याला पाणी हवं होतं. पाणी ओठांशी गेलं, संपलं. पुन्हा ओंजळ पुढं आली. पुन्हा धार. दोन दिवसांच्या कोरड्या घशाचा तो गिळण्याचा आवाज इतक्या जवळून ऐकू येत होता की चंदनाला वाटलं, आयुष्यात दुसरं काही ऐकलं नाही तरी चालेल. तिसरी ओंजळ पुढं आली आणि ती अर्धी भरत असतानाच बोटं थरथरली.

धार तिनं बारीक केली. ओंजळीतलं पाणी हेलकावत होतं. ओंजळ ओठांकडं जात नव्हती. माताजी थांबल्या होत्या. आणि चंदनाला कळलं की त्या ओंजळीत बघत नाहीत. तांब्या धरलेल्या तिच्या हाताकडं बघत आहेत. पांढऱ्या कड्याकडं, हाडाजवळच्या रक्ताच्या सुकल्या रेघेकडं. त्या पाटल्या त्यांच्याही हातात बारा वर्षं होत्या. आईनं घातल्या होत्या. खोलीत कुणी हलत नव्हतं. वर, हातभर अंतरावर, अक्काचा चेहरा होता. आता मान उचलली की तो दिसणार होता, आणि या क्षणी तो माताजींचा नसणार, हे चंदनाला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्याची ती आठ वर्षं वाट पाहत होती, ज्याच्यासाठी काल थेंब गळला होता, ते नुसती मान उचलण्याच्या अंतरावर होतं. नजरेला नजर मिळाली की त्या डोळ्यांत असेल नसेल ते खाली येणार. आणि साध्वीच्या स्वतःच्या डोळ्यांतून गळलं तरी तो अंतरायच.

चंदनानं मान उचलली नाही. तिनं तांब्याच्या काठावर नजर रोवली. हात भरून आला, दंडापर्यंत कळ गेली, तरी धार तिनं तुटू दिली नाही, वाढूही दिली नाही. तिच्या हातातून ती बारीक धार त्या ओंजळीत पडत राहिली. ओंजळ काठोकाठ भरली, बोटांच्या फटींतून पाणी परातीत ठिबकू लागलं. मग हळूहळू बोटांची थरथर उतरली. पाणी स्थिर झालं. अंगठा किंचित हलला, पुरे, अशी ती खूण होती. आणि ओंजळ ओठांकडं गेली.

त्यानंतर भात झाला, आमटी झाली, दूध झालं. बयाबाईंनी आंब्याच्या फोडी एकेक करून ओंजळीत ठेवल्या. सगळं पार पडलं. माताजी उठल्या, हात धुतले, आणि दारात जमलेल्यांनी ‘निरंतराय झाला, निरंतराय झाला’ असा जयजयकार केला. सगळ्यांना दिला तोच आशीर्वाद त्यांनी चंदनालाही दिला, पिंछी तेवढीच वर करून. त्या गल्लीच्या टोकाला वळल्या, तेव्हा ती आत परातीतलं सांडलेलं पाणी गोळा करत होती.

बयाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. पदरानं मान पुसत त्यांनी आवाज खाली आणला. “मधी त्या थांबल्या बघ. माझ्या काळजाचं पानी झालं. म्हाताजींच्या डोळ्यात पानी आलं हुतं काय गं? मला लांबून नीट दिसलं न्हाय. तू तर म्होरंच हुतीस.”

“मी बगितलं न्हाय, मावशी,” चंदना म्हणाली, आणि परात उचलून मागच्या दारी केळीबुडी गेली.